तार परत येते का?

जुन्या महाराष्ट्र सदनापासून कमानी सभागृहापर्यंत कोपर्निकस मार्गाने चालत जायला दहा मिनिटं पुरतात. मे महिन्यात तेवढ्यानेही माणूस भाजून निघतो. अशाच एका संध्याकाळी मी भाच्याला घेऊन कमानीत गेले होते. बाहेर अंगाची लाही, आत वातानुकूलित गारठा आणि मंचावर दिव्यांचा झोत. हवाईयन गिटार वाजवणारे कलाकार बसले, त्यांनी तारा लावल्या, थोडं वाजवून पाहिलं, पुन्हा लावल्या. आलाप सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच त्यांचा हात परत खुंट्यांकडे गेला. शेजारी भाचा पुटपुटला, "मावशी, यांचंपण टिकत नाही म्हणजे."

त्याच्या बोलण्यात सुटकेचा सूर होता. दिल्लीत शिकायला आल्यावर त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. घरी लावलेली गिटार कॉलेजात पोहोचेपर्यंत उतरायची, तिथे लावलेली दुसऱ्या गाण्यापर्यंत. एका दुकानात त्याला सांगितलं होतं की चाव्या खराब आहेत, सगळ्या बदलाव्या लागतील. खर्चाचा आकडा ऐकून तो माझ्याकडे आला. त्याला पैसे हवे होते, आणि त्याहून जास्त हवं होतं ते कुणीतरी सांगायला की दोष वाद्याचा आहे, त्याच्या कानाचा नाही.

मी भाषांतर करून पोट भरते, गिटार वाजवत नाही. पण त्याची तक्रार मराठीत मांडायला गेले आणि अडखळले. आपल्याकडे सूर लागतो, वाद्य जुळतं, तार चढते, तार उतरते. लागलेली तार लागलेलीच राहते, या गुणाला मात्र स्वतंत्र नाम मला सापडेना. 'टिकणं' हे क्रियापद आहे, पण ते लोणच्यालाही चालतं आणि सरकारलाही. नाम का नाही, याचा विचार करता करता मी या वाद्याच्या इतिहासात शिरले. तिथे दिसलं की गिटारवाल्यांनी नव्वद वर्षं ज्याला 'टिकवणं' म्हटलं, ते मुळात 'परत आणणं' होतं.

इलेक्ट्रिक गिटारच्या जन्मापासून ही तक्रार तिच्या सोबत आहे. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांचं लॉस एंजेलिसमधलं वाद्य. १९३१-३२ सालची ही गोष्ट. गोल बुंधा आणि लांब दांडी, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवायची हवाईयन गिटार होती. अंग होतं ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. मंचावरच्या दिव्यांखाली अ‍ॅल्युमिनियम तापे, पसरे, आणि लावलेले सूर हलत. १९३५ मध्ये बेकेलाइटचं मॉडेल आलं, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे कमानीत त्या संध्याकाळी जे चाललं होतं, तेच पहिल्या वाद्याच्या नशिबी होतं: दिवे, उष्णता आणि सरकणारा सूर.

ही हवाईयन गिटार हिंदुस्थानात लवकर रुजली, कारण ती मींड सहज घेते. हवाईचे टाऊ मो आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, वाजवत राहिले, शिकवत राहिले. मुंबईत व्हॅन शिप्ले यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तीवर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आली. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. कमानीच्या मंचावरचं वाद्य याच घराण्यातलं.

आडव्या गिटारचा एक फायदा असा की वादक तार ओढत नाही, तिच्यावरून कांडी सरकवतो. तारेच्या ताणात फारसा फरक पडत नाही. उभी धरून बोटांनी वाजवायची गिटार आली आणि खरा प्रश्न सुरू झाला, कारण तिथे वादक तार बाजूला खेचून सूर चढवतो. त्यापुढे जाऊन सगळ्या तारा एकदम ढिल्या-ताठ करता याव्यात, अशीही हौस निर्माण झाली. १९५० च्या आसपास पॉल बिग्स्बी यांनी त्यासाठी दांडी बसवली. लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तिला निराळं रूप दिलं: तारा ज्यावर टेकतात तो ब्रिजच स्क्रूंच्या धारेवर डोलणारा. पुढून सहा तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि दोघांच्या ओढाताणीत ब्रिज जागेवर राहतो. दांडी दाबली की सूर खाली, सोडली की परत वर.

फेंडरनी या सोयीला 'ट्रेमोलो' म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. सूर खाली-वर हलण्याला व्हायब्रेटो म्हणतात. उलट ज्यातून आवाज लहान-मोठा होतो, त्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या सोयीला त्यांनी 'व्हायब्रेटो' नाव दिलं. ही अदलाबदल इतकी रुळली की आज ती दुरुस्त करायला जाणारा भाषांतरकारच चुकीचा ठरेल. आपल्याकडे सुराच्या हलण्याला 'आंदोलन' हा सुंदर शब्द आहे. पण मंडी हाउसच्या चौकात तो उच्चारला तर लोक विचारतील, मोर्चा कुठून निघतोय?

दांडी सोडल्यावर सूर 'परत वर' येतो, असं मी वर लिहिलं. सगळी मेख त्या 'परत'मध्ये आहे. तो तंतोतंत परत येत नसे. जिमी हेंड्रिक्स दांडीचा इतका मुक्त वापर करत की त्यांच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत गाण्यांच्या मध्ये तारा लावणं आणि लावता लावता श्रोत्यांशी गप्पा हा कार्यक्रमाचाच भाग वाटतो.

तार परत का येत नाही? ती अडकते म्हणून. खेचल्यावर ती फक्त बोटाखाली ताणली जात नाही. चावीपासून ब्रिजपर्यंत सगळी सरकते. वाटेत तिला एका खाचेतून जावं लागतं. दांडीच्या टोकाशी, चाव्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यातली ही खाच. तिला गिटारवाले 'नट' म्हणतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयापासून हाकेच्या अंतरावर बसून 'नट अडला आहे' असं बोलणं धोक्याचं, तरी वस्तुस्थिती तीच आहे. खाच अरुंद किंवा खडबडीत असली की तार जाताना जोराने ओढली जाते आणि येताना थोडी अलीकडेच थांबते.

'थोडी' म्हणजे किती, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि थक्क झाले. स्ट्रॅटोकास्टरची वाजणारी तार ६४८ मिलिमीटर लांब असते. सर्वसाधारण संचातली सर्वांत बारीक पहिली तार पाव मिलिमीटर जाडीची. सुरात येण्यासाठी ती जवळपास साडेचार मिलिमीटर ताणलेली असते. तिसरी तार जाड, ०.४३ मिलिमीटरची, पण तिचा सूर खालचा. ती जेमतेम दीड मिलिमीटर ताणलेली असते. आता ही तिसरी तार खाचेत अडकून फक्त एक दशांश मिलिमीटर अलीकडे राहिली, तर तिचा ताण सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो. सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने तो तीन टक्क्यांनी सरकतो. दोन शेजारच्या पडद्यांमधल्या अंतराचा हा निम्मा हिस्सा झाला! जगभरचे गिटारवादक तिसऱ्या तारेला शिव्या का घालतात, ते या आकड्यांत आहे. उष्णतेचंही तसंच. लाकूड जसंच्या तसं राहून फक्त तार दहा अंशांनी तापली, तर पहिली तार एका पडद्याच्या अंतराच्या सातव्या हिश्श्याइतकी उतरेल, तिसरी जवळपास दोन पंचमांश. दिव्यांखाली येताच सगळ्या तारा उतरतात, आणि वर म्हणजे सारख्या उतरत नाहीत.

चाव्यांकडे बोट दाखवणं सोपं, कारण हात तिथेच जातो. पण चावीच्या आत मळसूत्र आणि दातेरी चाक असतं. मळसूत्र फिरवलं तर चाक फिरतं. चाक ओढून मळसूत्र फिरत नाही. तारेने कितीही ओढलं तरी धड चावी मागे फिरत नाही. फार तर तिच्यात थोडी ढिलाई असते. म्हणून तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणायची. वरून खाली उतरवत थांबलो, तर ती ढिलाई नंतर सूर घेऊन बसते.

हे गिटारवाल्यांना उमगत होतं, आणि त्यातून दोन परस्परविरुद्ध उपाय निघाले. पहिला: तारेला मोकळं सोडा. खाच गुळगुळीत करा, तिच्यात ग्रॅफाइट भरा, तार सरळ रेषेत चावीकडे जाईल असं बघा, घर्षण कमी करा. दुसरा: तारेला जखडा. फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसरा मार्ग घेतला. ते दागिने घडवत, त्यामुळे बारीक धातुकामाची हत्यारं हाताशी होती. त्यांनी नटच्या जागी चिमटे बसवून तारा तिथेच आवळल्या, ब्रिजपाशीही आवळल्या. सरकायला जागाच नाही म्हटल्यावर अडकणार कुठे? १९७९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलन यांच्यासारख्यांनी ही यंत्रणा उचलली आणि १९८० च्या दशकातल्या रॉकचा आवाज तिने घडवला.

पण जखडण्याची किंमत होती. तार चिमट्यात आवळल्यावर चावी निरुपयोगी. जरासा सूर सरकला तरी सगळं सोडून पुन्हा आवळायचं. म्हणून पुढे ब्रिजवर प्रत्येक तारेसाठी बारीक स्क्रू आले, सूर केसभर हलवण्यासाठी. ते चित्र पाहिल्यावर मला आमच्या घरचा तंबोरा आठवला. घोडीच्या खाली तारांत ओवलेले मणी असतात. खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि मणी किंचित वर-खाली सरकवून नेमका करायचा. फ्लॉइड रोझने जे दुसऱ्यांदा शोधलं, ते आपल्याकडे तंबोऱ्याला आधीपासून होतं. दुसरी किंमत अशी की डोलणाऱ्या ब्रिजवरची एक तार तुटली की मागच्या स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. एकाला धरून सगळ्यांना बांधलं की असं व्हायचंच.

तंबोरा आठवला म्हणजे मिरज आलीच. तिथल्या तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी त्याचा पाया घातला, असं मानतात. तलवारींचे दिवस संपत आले आणि पोलादाची जाण असलेले हात भोपळ्याकडे आणि दांडीकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांत मळसूत्र नाही, चिमटे नाहीत. लाकडी खुंटी लाकडाच्या भोकात निव्वळ घर्षणाने धरून राहते. निसटायला लागली तर तिला खडू लावतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खुंटी हलत नाही, उन्हाळ्यात ते आक्रसतं आणि खुंटी थांबत नाही. यांत्रिक दृष्टीने हा अगदी अस्थिर प्रकार. तरी तंबोऱ्याला कुणी सदोष म्हटलं नाही, कारण तो लावणं ही तयारी मानली गेली नाही. तो गाण्याचाच आरंभ होता. गायकाचा कान त्या पाच-दहा मिनिटांत त्या दिवसाच्या षड्जावर बसतो. आपल्याकडे टिकण्याला नाम का नाही, त्याचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. ज्याची अपेक्षाच नव्हती, त्याला नाव कशाला?

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मैफल झाली. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावली आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर हसून म्हणाले. हा किस्सा पाश्चात्त्य श्रोत्यांच्या अज्ञानाचा म्हणून सांगितला जातो. मला आता तो तितका हास्यास्पद वाटत नाही. रविशंकरांची सतार तर गिटारपेक्षा अवघड परीक्षा देते: एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांची मींड घ्यायची आणि तार मूळ स्वरावर परत आणायची. ती आली नाही तर वादक वाजवता वाजवता खुंटी पिळतो, आणि जाणता श्रोता त्याला व्यत्यय मानत नाही. कमानी सभागृहही १९७१ चंच. तिथे किती खुंट्या पिळल्या गेल्या असतील!

न उतरणाऱ्या वाद्याचं काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. पेटी कधी उतरत नाही, निदान मैफलीपुरती तरी नाही. कोपर्निकस मार्गापासून फार लांब नसलेल्या आकाशवाणीने १९४० मध्ये याच पेटीला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं पाळली. १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण केसकर मराठी होते, पण ज्या प्रांताच्या रंगभूमीने गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक दिले, तिथला मंत्रीही बंदी उठवायला तयार नव्हता. आक्षेपांत मुख्य हा की पेटीचे सूर पक्के बसवलेले असतात. ते श्रुतींकडे झुकत नाहीत, मींड घेत नाहीत. त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून पेटीतच त्या बसवण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचं पुस्तक १९१० चं. पण कुठले सूर पक्के करायचे यावर एकमत होईना, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेतही तो वाद रंगला. पेटीवरचा राग मला पटत नाही. मी तिच्यावरच गाणं ऐकत वाढले. पण त्या वादातून एक गोष्ट उरते: सुरात असणं आणि सुरात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीचा सूरही वर्षानुवर्षं टिकू शकतो.

रविवारी भाच्याच्या खोलीत आम्ही गिटार खाली गादीवर ठेवली. चाव्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं. तिसरी तार लावली, मग त्याने ती बोटाने खेचून सोडली. ती उतरली. पुन्हा लावली, दांडी दाबून सोडली. आता ती चढली. खेचल्यावर उतरते आणि ढिली केल्यावर चढते, म्हणजे ती दोन्ही वेळा वाटेत कुठेतरी अडकते. सैल चावी असती तर ती फक्त उतरत गेली असती. शिवाय चावी फिरवताना मध्येच 'टिंग' असा बारीक आवाज येई आणि सूर उडी मारून पुढे जाई. ती खाचेतून सुटणारी तार होती. भाच्याने तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता, पण तो काही सांगतो आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

मग एकेक तार सैल करून बाजूला घेतली. माझ्या मुद्रितशोधनाच्या मऊ पेन्सिलीचं शिसं त्याने खाचेत घासलं. तारा जुन्या, गंजाने खरखरीत झालेल्या होत्या, त्या बदलल्या. नव्या तारेचे चावीवर सात-आठ वेढे तो घेत असे. आता दोन-तीनच, नीट एकाखाली एक. कारण प्रत्येक वेढा हळूहळू आवळला जातो आणि तेवढा सूर खातो. मग प्रत्येक तार हाताने हलकेच ओढायची, लावायची, पुन्हा ओढायची, उतरायची थांबेपर्यंत. दोन तास गेले. खर्च तारांच्या संचाचा आणि पेन्सिलीच्या टोकाचा.

"आता नाही ना उतरणार?" त्याने विचारलं.

"उतरेल," मी म्हटलं. "ही दिल्ली आहे. जानेवारीत एक उतरेल, जुलैत दुसरी. पण खेचलीस तर परत येईल."

त्याने तिसरी तार दोन पडद्यांइतकी चढवली, क्षणभर धरली आणि सोडली. सूर खाली आला आणि जिथून निघाला होता तिथे थांबला. त्याने फोनवरचा ट्यूनर बघितला नाही. कान थोडा तिरका करून ऐकलं, पुन्हा खेचली, पुन्हा सोडली. कमानीतले ते वादक आलापाच्या मध्येच थांबून असंच ऐकत होते.